वडिलांनी आणिलेली मिठाई

आपट्यासारख्या पाताळगंगेकाठच्या गावांतून कित्येक पिते पोटासाठी पहाटेच घर सोडितात. मुलांच्या वाट्यास ते थोडकेच येतात. शेजारच्या पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ साली जन्मलेल्या विनोबा भावे यांचे वडील नरहरपंत तर दूर बडोद्यास चाकरीला असत. एका दिवाळीस ते घरी आले. आईने मुलास मिठाईची आशा लाविली होती; पुडक्यातून निघाली मुलांसाठी लिहिलेली रामायण-महाभारताची पुस्तके! याहून चांगली मिठाई कोणती, असे म्हणताना माउलीचे डोळे पाणावले. हेच नरहरपंत मुलास मारीतही असत. तो भाग अनुकरणीय नव्हे. परंतु मिठाई कोणासही आणिता येते; मूल वाचू लागले आहे हे ध्यानी असल्यावाचून ती पुस्तके निवडिता आली नसती. विद्यार्थिमित्रहो, एवढे आज घरी वडिलांस वाचून दाखवा.