गोमाशी ते मदचक्र : एका संज्ञेची जडणघडण

पशूंच्या प्रजननाविषयीच्या ग्रंथांत 'ईस्ट्रस' हा शब्द वारंवार आढळतो. मादी नराचा स्वीकार करण्यास तयार असते, त्या अल्प काळाची ही संज्ञा होय. मराठी शेतकरी ह्याच अवस्थेस 'माज' म्हणतो. शास्त्रीय लेखनात तिला 'मद' आणि तिच्या आवर्तनाला 'मदचक्र' असे म्हटले जाते. हे चक्र गाईत सुमारे 21 दिवसांचे, मेंढीत सुमारे 17 दिवसांचे, तर उंदरात अवघ्या 4 ते 5 दिवसांचे असते.

मूळ ग्रीक भाषेत ह्या शब्दाचा अर्थ गोमाशी असा होता. गोमाशी चावली की गाय शेपटी उंचावून उधळते. त्यावरून दंश, टोचणी आणि पुढे अनावर उन्माद असे अर्थ त्याला चिकटत गेले. ग्रीक पुराणात आयो नावाच्या तरुणीची कथा आहे. झ्यूस देवाचे मन तिच्यावर जडले आणि तिला कालवडीचे रूप प्राप्त झाले. मत्सराने पेटलेल्या हेरा देवीने तिच्यामागे गोमाशी लावली आणि ती बिचारी देशोदेशी धावत सुटली. बॉस्पोरस ह्या सामुद्रधुनीच्या नावाचा 'गाईचा उतार' हा अर्थ ह्याच कथेशी जोडला जातो. लॅटिनमध्येही हा शब्द गोमाशीसाठी रूढ होता. मेंढ्यांच्या नाकपुड्यांत अळ्या सोडणाऱ्या माशीच्या वंशास शास्त्रज्ञ आजही 'ईस्ट्रस' म्हणतात.

ह्या शब्दाला प्रजननशास्त्रात काटेकोर स्थान मिळाले ते 1900 साली. वॉल्टर हीप ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने सस्तन प्राण्यांच्या समागमऋतूवरील निबंधात चक्राच्या अवस्थांची पद्धतशीर नावे योजिली. ग्रीक उपसर्ग लावून त्याने मदापूर्वीची, मदानंतरची, दोन मदांमधील आणि दीर्घ विश्रांतीची अवस्था वेगवेगळी दाखविली. एका समागमऋतूत एकदाच माजावर येणाऱ्या आणि अनेकदा माजावर येणाऱ्या प्राण्यांतील भेदही त्याने शब्दबद्ध केला. एकाच शब्दापासून झालेली ही नावे उपसर्गाच्या आधारे सहज ओळखता येत. म्हणून ती टिकली.

ह्या शब्दाचे स्पेलिंग मात्र विद्यार्थ्यास हमखास गोंधळात टाकते. ग्रीक 'ओ-आय' ह्या जोडस्वराचे लॅटिनमध्ये 'ओ-ई' झाले. ब्रिटिश लेखनाने ते जपले. अमेरिकन लेखनाने 'ओ' गाळून केवळ 'ई' ठेवला. हा भेद केवळ रूढीचा आहे. दुसरा भेद व्याकरणाचा आहे. शब्दाच्या शेवटी 'यू-एस' असेल तर ते नाम, म्हणजे प्रत्यक्ष माजाची अवस्था. 'ओ-यू-एस' असेल तर ते विशेषण. म्हणून 'चक्र' ह्या शब्दामागे विशेषणाचे रूप हवे. दोहोंचा उच्चार सारखाच असल्याने छापील पुस्तकांतही अदलाबदल होते. गाईचा माज साधारणपणे एका दिवसाहूनही कमी टिकतो आणि चक्र 21 दिवस चालते, एवढे ध्यानात ठेवले तरी ह्या भेदाचे महत्त्व पटेल.

1923 साली अमेरिकेत एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी ह्यांनी अंडाशय काढलेल्या माद्यांना अंडपुटकातील द्रव टोचून त्यांच्यात माजाची लक्षणे उत्पन्न केली. अशा संप्रेरकांना पुढे 'ईस्ट्रोजेन', म्हणजे मद उत्पन्न करणारे, हे नाव मिळाले. स्त्रीला पशूंसारखा ठरावीक मदकाल नसतो; तरीही तिच्या शरीरातील संप्रेरकाचे नाव मात्र गोमाशीवरूनच आलेले आहे.

दोन भिन्न गोष्टी एकच मानल्याने किती हानी होते, ह्याचेही उदाहरण ह्याच विषयात सापडते. कुत्री माजावर येण्याच्या सुमारास तिला रक्तस्राव होतो. त्यावरून स्त्रीची मासिक पाळी म्हणजेच पशूचा माज, असे एकोणिसाव्या शतकातील अनेक तज्ज्ञांनी मानले. आणि दोन पाळ्यांमधील दिवस गर्भधारणेच्या दृष्टीने निर्धोक असल्याचा सल्ला दिला जाऊ लागला. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. कुत्रीचा स्राव अंडमोचनापूर्वी होतो. स्त्रीचा स्राव गर्भ न राहिल्यामुळे गर्भाशयाचे अस्तर गळून पडल्याने होतो आणि तिचे अंडमोचन पुढील पाळीच्या सुमारे 14 दिवस आधी घडते. 1920 च्या दशकात जपानमध्ये क्यूसाकु ओगिनो आणि ऑस्ट्रियात हेर्मान क्नाउस ह्यांनी स्वतंत्रपणे हे दाखवून दिले. तोवर कित्येक कुटुंबांनी नेमक्या चुकीच्या दिवसांवर विश्वास ठेवला होता.

ह्या दृष्टीने मराठी शब्दांकडेही पाहावयास हवे. 'मद' ह्या संस्कृत शब्दातही ग्रीक शब्दाप्रमाणे उन्मादाची छटा आहे. परंतु हत्तीचा मद ही नराची अवस्था असून तिचा मादीच्या मदचक्राशी संबंध नाही. 'ऋतुचक्र' हा शब्द कधी पशूंच्या, कधी स्त्रियांच्या, तर कधी निसर्गातील ऋतूंच्या संदर्भात येतो. पशूंसाठी 'मदचक्र' आणि स्त्रीसाठी 'मासिक पाळीचे चक्र' असे शब्द वेगळे ठेवल्यास जुना घोटाळा टळेल. शेतकऱ्याने तर ही सूक्ष्मता आपल्या भाषेत पूर्वीच आणली आहे. म्हशीत माजाची बाह्य लक्षणे पुष्कळदा दिसत नाहीत. त्यास तो 'मुका माज' म्हणतो. तो ओळखता आला नाही, तर रेतनाची वेळ हुकते आणि पुढच्या माजासाठी आणखी सुमारे तीन आठवडे थांबावे लागते.