बर्फातल्या गावची शाळा

मुलांनो, आज आपण एका फार लांबच्या शाळेची ओळख करून घेऊ. नकाशा उघडा. कॅनडामधला क्वेबेक प्रांत शोधा आणि बोट वर वर सरकवत न्या. जमीन संपून हडसनची सामुद्रधुनी सुरू होते, तिथे सालुइट नावाचे गाव आहे. मॉन्ट्रियलपासून ते सुमारे १,८५० किलोमीटर दूर आहे. वस्ती दीड हजारांच्या आसपास. बहुतेक सगळे इनुइट लोक.

या गावाला बाहेरून येणारा रस्ताच नाही. माणसे विमानाने ये-जा करतात. जड सामान उन्हाळ्यात, समुद्रावरचे बर्फ वितळल्यावर, जहाजाने येते. जमीन आतून कायम गोठलेली असल्यामुळे पाण्याचे नळ पुरता येत नाहीत. म्हणून टँकर घरोघर पाणी देतो आणि दुसरा टँकर सांडपाणी घेऊन जातो. (टँकर तुमच्या आजी-आजोबांनाही माहीत असेल, पण वेगळ्या कारणाने!) हिवाळ्यात पारा शून्याखाली २५ अंशांच्याही खाली उतरतो. डिसेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम पाच तासांचा असतो. हिमवादळ आले की विमान येत नाही. मग भाजी, फळे, टपाल, सगळेच खोळंबते.

बाईंचे काम

मॅगी मॅकडॉनेल या बाई कॅनडाच्याच नोवा स्कोशिया प्रांतातल्या. आफ्रिकेत पाच वर्षे काम करून त्या सालुइटच्या इकुसिक शाळेत शिकवायला आल्या. दक्षिणेकडून येणारे शिक्षक बहुधा वर्ष-दोन वर्षांत परत जातात. थंडी, एकटेपणा, कामाचा ताण, ही कारणे समजण्यासारखी आहेत. पण मुलांच्या बाजूने विचार करा. दर वर्षी नव्या बाई, नवे सर! आज आहेत ते उद्या जाणार, मग त्यांना मनातले सांगायचे तरी कशाला? मॅगीबाई मात्र राहिल्या. २०१७ साली त्यांना तिथे सहा वर्षे झाली होती.

घंटा झाली म्हणजे त्यांचे काम संपत नसे. त्यांनी देणग्या जमवून गावात व्यायामशाळा उभी केली. मुलांना धावायला शिकवले, डोंगरवाटांवर भटकंतीला नेले. ज्या मुलांचे शाळेत लक्ष लागत नसे, त्यांना पाळणाघरात लहानग्यांना सांभाळायला आणि सामूहिक स्वयंपाकघरात गावासाठी गरम जेवण करायला लावले. ज्या मुलाला सगळे 'कटकट' म्हणत, तोच गावाच्या उपयोगी पडू लागला. काही मुलांना तर बाईंनी काही काळ स्वतःच्या घरीही सांभाळले.

एवढी धावपळ कशासाठी? त्यामागे एक दुःखाचे कारण होते. २०१५ साली या एवढ्याशा गावात सहा तरुणांनी आत्महत्या केली. सगळे एकमेकांच्या ओळखीचे, नात्याचे. त्यामुळे जणू सारे गावच सुतकात. तरी शाळा पुन्हा भरते. वर्गात एक बाक रिकामा असतो आणि बाईंना शिकवायला उभे राहावे लागते. संध्याकाळी मुलांना जायला एक उबदार, उजेडाची जागा असावी आणि 'आज का आला नाहीस?' असे विचारणारे कोणीतरी असावे, म्हणून ही सारी खटपट.

१९ मार्च २०१७ रोजी दुबई येथे मॅगीबाईंना दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले. त्यांचे नाव जाहीर केले अंतराळवीर तोमा पेस्के यांनी, थेट अंतराळ स्थानकातून! हेच पारितोषिक २०२० साली सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना मिळाले. त्यांच्या शाळेतल्या मुलांची घरची भाषा कन्नड, पाठ्यपुस्तके मात्र वेगळ्या भाषेत. गुरुजींनी पुस्तकेच मुलांच्या भाषेत आणली. बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

घरची भाषा, शाळेची भाषा

सालुइटच्या मुलांची भाषा इनुक्टिटुट. तिच्यातले दोन शब्द तुम्हाला आधीच येतात: 'इग्लू' म्हणजे घर आणि 'कयाक' म्हणजे छोटी होडी. एके काळी इनुइट मुलांना घरापासून दूर निवासी शाळांत ठेवत आणि तिथे आपली भाषा बोलू देत नसत. २००८ साली कॅनडाच्या पंतप्रधानांनी या शाळांबद्दल संसदेत माफी मागितली. आता सालुइटमध्ये पहिली काही वर्षे शिक्षण इनुक्टिटुटमध्ये होते, पुढे इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये.

त्यांची लिपीही गमतीची आहे. आपण 'प'ला काना-मात्रा लावतो. ते अक्षरच फिरवतात. एक कोन काढा. टोक वर केले की 'पि', उजवीकडे केले की 'पु', डावीकडे केले की 'पा'. झाली की नाही बाराखडी! ही पद्धत मुळात १८४०च्या सुमारास जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने क्री भाषेसाठी तयार केली. तिच्यावर देवनागरीचा प्रभाव होता, असे अनेक अभ्यासक मानतात.

शब्दार्थ
सामुद्रधुनी – दोन समुद्रांना जोडणारा पाण्याचा अरुंद पट्टा
सांडपाणी – वापरून झालेले पाणी
खोळंबणे – अडून राहणे
सुतक – घरात मृत्यू झाल्यावर पाळायचे दुःखाचे दिवस
खटपट – धडपड, प्रयत्न

स्वाध्याय
१. सालुइटला नळाऐवजी टँकर का लागतो?
२. शिक्षक दर वर्षी बदलले तर मुलांना काय वाटेल? चार वाक्ये लिहा.
३. मॅगीबाई आणि डिसले गुरुजी यांच्यातले एक साम्य सांगा.
४. कोन फिरवून 'पि, पु, पा' काढा. शेजारी देवनागरीत तीच अक्षरे लिहा.
५. आजी-आजोबांना फोन करून विचारा: 'तुमच्या लक्षात राहिलेले बाई किंवा गुरुजी कोण? ते का लक्षात राहिले?' त्यांचे उत्तर मराठीतच लिहून पुढच्या रविवारी आणा.

पालकांसाठी: हा पाठ मुलांना एकट्याने वाचायला देऊ नये, शेजारी बसून वाचावा. रिकाम्या बाकाबद्दल मुलांनी विचारले तर विषय टाळू नका. मन फार उदास झाले तर घरात कोणाला सांगायचे, हे त्यांना आपल्या भाषेत सांगा. तसे सांगायला लागणारे शब्दही त्यांना मराठीत यायला हवेत.