पीठमाखले हात आणि ऑर्डरचे फोन

प्रश्न : माझं पोळीभाजी केंद्र आहे. मळता-लाटताना फोन घेता यावेत म्हणून ब्लूटूथ इअरबड्स घेतले. गाणी छान ऐकू येतात, पण माझं बोलणं गिऱ्हाइकांना नीट कळत नाही. खोक्यावर तर नॉइज कॅन्सलेशन लिहिलंय!

उत्तर : ताई, ‘ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन’ असेल, तर ते तुमच्या कानांसाठी असतं. एक्झॉस्ट फॅनची घरघर तुम्हाला कमी ऐकू येते, गिऱ्हाइकाकडे मात्र ती जातेच. तिकडे आवाज स्वच्छ जाणं माइकवर अवलंबून, आणि इअरबड्सचा माइक असतो कानापाशी, तोंडापासून लांब. शिवाय कॉल सुरू झाला की ब्लूटूथ सहसा गाण्यांची पद्धत सोडून संभाषणाच्या पद्धतीवर येतं आणि आवाजाचा दर्जा उतरतो. म्हणून गाणी ऐकून हेडसेट निवडूच नका.

तुम्ही एका कानाचा, गालापर्यंत माइकची दांडी येणारा हेडसेट घ्या. दुसरा कान कुकरच्या शिट्ट्यांसाठी मोकळा राहील. कॉल घ्यायला टचऐवजी खरं बटण हवं, ते मनगटानंही दाबता येतं. हेडसेट जोडलेला असताना कॉल आपोआप उचलण्याची सोय काही फोनमध्ये असते, सेटिंगमध्ये बघा. घरचा आणि धंद्याचा फोन वेगळा असेल, तर एकाच वेळी दोन्ही जोडणारा, म्हणजे ‘मल्टिपॉइंट’ असलेला मागा.

पैसे देण्याआधी दुकानातल्या पंख्याखाली उभ्या राहून घरी फोन लावा आणि पत्ता सांगा. घरच्यांनी तो एका दमात लिहून घेतला, तरच घ्या.