सँडविचचा धंदा : थोडे भांडवल, मोठा धडा

ज्या धंद्याला भांडवल थोडे लागते, त्या धंद्यात गर्दी लवकर होते. हातगाडी किंवा लहान दुकान चालविणाऱ्या आमच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. एखाद्याने नवा पदार्थ विकायला काढला आणि तो खपू लागला, की थोड्याच दिवसांत त्याच रस्त्यावर आणखी चौघे उभे राहतात. मग पहिल्याने काय करावे? या प्रश्नासाठी आम्ही या वेळी एक अगदी साधी वस्तू अभ्यासाला घेतली आहे. ती म्हणजे सँडविच. ब्रेडचे दोन स्लाइस आणि मध्ये काहीतरी. यात गुपित असे काहीच नाही, तरीही अडीचशे वर्षांहून अधिक काळ हा माल खपतो आहे.

नाव कुठून आले?

भाकरीत किंवा रोटीत भाजी-मांस गुंडाळून खाणे ही जुनी रीत आहे. शेतकरी, मजूर, मुसाफिर सगळेच तसे खात आले. म्हणून हा पदार्थ कोणा एकाने शोधून काढला असे म्हणता येत नाही. नाव मात्र एका माणसावरून पडले. इंग्लंडच्या केंट परगण्यात सँडविच नावाचे गाव आहे. त्या नावाचा 'अर्ल' हा किताब एका सरदार घराण्याकडे होता. त्यातील चौथे अर्ल जॉन माँटेग्यू (१७१८-१७९२) हे इंग्लंडच्या आरमार खात्याचे मंत्री होते. जुगाराच्या टेबलावरून उठावे लागू नये म्हणून त्यांनी पावाच्या दोन कापांत मांस घालून मागविले, अशी गोष्ट सांगतात. ग्रोस्ले या फ्रेंच लेखकाच्या लंडनवरील पुस्तकातून (१७७०) ती पसरली. त्यांचे चरित्रकार रॉजर यांच्या मते मात्र जुगारापेक्षा कचेरीच्या कामाच्या टेबलावरच हे खाणे सुरू झाले असण्याचा संभव अधिक. एवढे नक्की, की इतिहासकार एडवर्ड गिबन यांच्या १७६२ सालच्या रोजनिशीत 'सँडविच' हा शब्द आला आहे.

गोष्ट कोणतीही खरी धरा, व्यापाऱ्याने त्यातून एकच मुद्दा घ्यावा. हातातले काम न सोडता, ताट-वाटी न मांडता, एका हाताने खाता येते, या सोयीसाठी गिऱ्हाईक पैसे देते.

थिएटरच्या दारातील विक्रेता

आता सरदाराकडून रस्त्यावर येऊ. हेन्री मेह्यू या पत्रकाराने लंडनच्या गरीब फेरीवाल्यांना भेटून त्यांचा जमाखर्च टिपून घेतला. तो १८५१ साली पुस्तकरूपाने निघाला. त्यात डुकराच्या मांसाचे सँडविच विकणाऱ्यांची माहिती आहे. तो माल आपल्याला हराम आहे, पण त्या धंद्याचा हिशेब बारकाईने वाचण्यासारखा आहे.

सुमारे १८४० साली वेस्टमिन्स्टर भागात एका माणसाचे कॉफीचे दुकान चालेनासे झाले. पोटासाठी त्याने थिएटरच्या दाराशी सँडविच विकायला सुरुवात केली. रात्रीला १० शिलिंगांची विक्री होऊ लागली आणि त्यात निम्मा नफा होता. पाच-सहा आठवडे बरे गेले. मग दुसरे विक्रेते आले आणि भराभर वाढले. या धंद्याचा मूळ पुरुष आपण आहोत असे तो लोकांना सांगत राहिला, पण ते कोण ऐकतो?

या धंद्याला १० शिलिंग भांडवल पुरेसे होते, पण पुष्कळांजवळ तेवढेही नव्हते. तेव्हा या माणसाने चांगली युक्ती केली. तो त्यांनाच तयार माल पुरवू लागला. डझनाला त्याचा भाव ६ पेन्स होता. रस्त्यावर एका सँडविचची किंमत १ पेनी, म्हणजे डझनाचे १२ पेन्स होत. रुपयात आठ आणे फेरीवाल्याला सुटले आणि कालचे प्रतिस्पर्धी आजचे गिऱ्हाईक झाले.

पुढे काय झाले ते पाहा. आपल्याला मिळणारा माल त्याच्या स्वतःच्या पाटीतल्या मालासारखा नाही, अशी कुरकुर फेरीवाले करू लागले. घाऊक विक्री घसरत गेली. मेह्यूने लिहिले तेव्हा त्याच्याकडून माल घेणारे दोनच फेरीवाले उरले होते. याच काळात मेह्यूच्या हिशेबाने लंडनच्या रस्त्यांवर वर्षाला ४,३६,८०० सँडविच विकले जात. त्यांची किंमत १,८२० पौंड होत होती. म्हणजे बाजार मेला नव्हता. त्या माणसावरचा विश्वास तेवढा गेला होता.

झाकलेला माल

आमच्या मते या धंद्याची मेख येथेच आहे. फळे, कापड, भांडी गिऱ्हाईक उलटून पाहून घेते. सँडविचमध्ये माल दोन स्लाइसच्या आत झाकलेला असतो. आत किती आहे, कसे आहे, हे खाल्ल्यावरच कळते. त्यामुळे विक्रेत्याला आपली खात्री बाहेरून पटवावी लागते. लंडनचा तो फेरीवाला पाटीवर स्वच्छ पांढरे फडके टाकी, अंगावर पांढरा एप्रन आणि हातांवर पांढऱ्या बाह्या चढवी, ते उगीच नव्हे.

पुढच्या सुधारणाही याच दिशेने झाल्या. अमेरिकेतील ओटो रोवेडर या जवाहिऱ्याने ब्रेड कापण्याचे यंत्र तयार करण्यासाठी आपली दुकाने विकली. १९१७ साली आगीत त्याचा नमुना आणि आराखडे जळून गेले. तरी त्याने काम सोडले नाही. कापलेला ब्रेड लवकर वाळेल, ही बेकरीवाल्यांची हरकत होती. म्हणून कापलेला ब्रेड लगेच कागदात गुंडाळण्याची सोयही त्याने केली. अखेर ७ जुलै १९२८ रोजी मिसुरी राज्यातील चिलिकोथी गावच्या बेकरीतून यंत्राने कापलेला ब्रेड प्रथम विकला गेला. प्रत्येक स्लाइस सारख्या जाडीचा झाला. लोकांना त्याची इतकी सवय लागली, की युद्धकाळात १८ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकन सरकारने कापलेल्या ब्रेडवर बंदी घातली, ती ८ मार्चला उठवावी लागली. ब्रिटनमध्ये मार्क्स अँड स्पेन्सर या दुकानाने १९८० साली बंद पाकिटातील तयार सँडविच विकायला ठेवले आणि तेथे तो एक मोठा उद्योग झाला.

मुंबईचा सँडविचवाला हीच खात्री निराळ्या पद्धतीने देतो. उकडलेला बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो, हिरवी चटणी, लोणी, सारे समोर मांडलेले असते. तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत कापतो, लावतो, मग वरचा स्लाइस ठेवतो. झाकण्याआधी दाखवितो. शेजारी दुसरी गाडी उभी असली, तरी ओळखीचे गिऱ्हाईक त्याच्याकडेच थांबते.

आपण काय घ्यावे?

आपल्यापैकी कोणी बेकरी चालवितो, कोणी कबाब-रोल विकतो, कोणी गादी शिवतो, कोणी चपला बनवितो. गादीतला कापूस आणि चपलेचे अस्तरही झाकलेलेच असते. तेव्हा तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, 'हा माल आधी मी काढला' या बोलण्यावर दुकान चालत नाही. दुसरी, प्रतिस्पर्ध्याला गिऱ्हाईक करता आले तर जरूर करावे, पण गल्ल्यावर एक माल आणि घाऊकवाल्याला दुसरा, असे कधी करू नये. कमी भावात हलका माल द्यायचाच असेल, तर तो हलका आहे असे आधी सांगून द्यावा. तिसरी, जे झाकले जाणार आहे ते झाकण्याआधी गिऱ्हाइकाला दाखवावे.

त्या लंडनच्या माणसाजवळ कल्पना होती, कष्ट होते, हिशेबही होता. डझनामागे ६ पेन्स घेताना माल एकसारखा आहे याची खात्री त्याने दिली असती, तर दोनऐवजी कितीतरी पाट्या त्याचा माल घेऊन थिएटरच्या दारात उभ्या राहिल्या असत्या.