पिवळा रंग कुठवर पोचतो

जांभूळचं जलशुद्धीकरण केंद्र आमच्याकडे लोकांना आठवतं ते मुख्यतः ‘शुक्रवारी पाणी बंद’ अशी बातमी आली की. बारवी धरणाचं पाणी उल्हास नदीतून उचलायचं, एमआयडीसीच्या या केंद्रात शुद्ध करायचं आणि मग ते उल्हासनगर, कल्याण-डोंबिवलीपासून पार नवी मुंबई, मीरा-भाईंदरपर्यंत जातं. याच पट्ट्यातल्या वस्त्यांमधल्या आठवी ते दहावीच्या पोरांना मी दर रविवारी विज्ञान शिकवते. शिकवता शिकवता पटलेल्या काही गोष्टी लिहून ठेवते आहे.

१. मोजायचं साधन मुलांच्या हातात द्यावं. पाणी कमी येतं, घाण येतं, हे वस्तीत रोज बोललं जातं आणि तिथेच विरून जातं. आकडा तसा विरत नाही. क्लोरीन तपासायची ओटी टेस्ट स्वस्त आहे. पाणी भरलेल्या नळीत द्रावणाचे थेंब टाकायचे आणि पिवळा रंग तक्त्याशी ताडून बघायचा. (ते द्रावण अंगाला लागलेलं चांगलं नाही, म्हणून थेंब मी टाकते, रंग मुलं वाचतात.) लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं, असं भारतीय मानक सांगतं.

एका गल्लीत मुलांनी तोंडापासून टोकापर्यंतच्या नळांचं पाणी तपासलं. तोंडाशी पिवळा छान उमटला. पुढे फिका होत गेला आणि शेवटच्या नळाला नळी पांढरीच राहिली. “ताई, क्लोरीन गेलं कुठं?” खरा तास इथून सुरू झाला. तोंडाजवळच्या काही घरांनी नळाला थेट मोटार लावलेली. मोटार ओढायला लागली की पाइपातला दाब बाहेरच्यापेक्षा खाली जातो आणि जिथे सांधा गळका असेल तिथून गटाराचं पाणी आत खेचलं जातं. त्या घाणीवर क्लोरीन खर्ची पडतं. पुस्तकात दाबाचा धडा वेगळा आणि पाण्याचा वेगळा, या गल्लीत मात्र दोन्ही एकाच पाइपात. टोकाला राहणाऱ्यांना पाणी कमी आणि तेही घाण का मिळतं, हे मग कुणी सांगावं लागलं नाही. मोटार असलेल्या घरातला एक मुलगाही त्याच वर्गात बसला होता. पुढची चर्चा गरम झाली, ती मी होऊ दिली.

२. इतिहास विज्ञानाच्या तासालाही घ्यावा. २० मार्चच्या आसपास मी महाडचं चवदार तळं घेते. १९२७ साली बाबासाहेबांनी आणि हजारो लोकांनी तिथलं पाणी प्यायल्यावर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. आम्ही क्लोरीनच्या पाण्यात थोडं दही आणि शेण कालवतो, जरा थांबतो आणि गाळून ओटी टेस्ट करतो. पुढचं मुलं आपणहून बोलतात.

३. धोक्याचं रसायनशास्त्र आधी शिकवावं, मग तो धडा अभ्यासक्रमात कितीही मागे असो. काही मुलांचे वडील, काका गटारं साफ करायला जातात. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे, तरी उतरवलं जातं. गटारातला हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, म्हणून तळाशी साचतो. प्रमाण वाढलं की तो नाकच बधिर करतो. सडक्या अंड्यासारखा वास अचानक थांबला तर धोका टळला असं समजायचं नाही, उलट लगेच लांब पळायचं. आत कोसळलेल्याला वाचवायला मागोमाग उडी मारणारा दुसराही जातो, हे मी प्रत्येक तुकडीला तीन-तीनदा सांगते. त्याच वायूचा दुसरा धडा वालधुनी नदीकाठी घेता येतो. सल्फाइड असलेल्या सांडपाण्यात आम्ल ओतलं की हाच वायू बाहेर पडतो. २०१४च्या नोव्हेंबरअखेर उल्हासनगरात वालधुनीत रसायन सोडलं गेलं आणि शेकडो लोकांना दवाखाना गाठावा लागला. ते घरात ऐकलेली मुलं वर्गात आहेत. नाल्यात रसायनाचा टँकर रिकामा करू नये, हे त्यांना नागरिकशास्त्रातून वेगळं शिकवायला नको.

४. भाषा सोपी करावी, विज्ञान नाही. १९८०च्या दशकात होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या वि. गो. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी मुंबईच्या महापालिका शाळांमधल्या अनुसूचित जातींच्या मुलांसोबत काम केलं. मुलांना अडवणाऱ्या गोष्टींत पुस्तकाची भाषा मोठी होती, हे त्यातून पुढे आलं. माझ्या वर्गात मराठी, हिंदी, सिंधी अशी सरमिसळ असते. ‘अवसादन’ म्हटलं की माना खाली. “तुरटी फिरवल्यावर खाली काय बसतं?” म्हटलं की सगळे बोलतात. त्यानंतर ‘अवसादन’ फळ्यावर लिहायचंच, कारण पेपरात तेच येणार.

५. धरणाच्या दुसऱ्या टोकाचीही गोष्ट सांगावी. बारवीची उंची वाढली तेव्हा मुरबाडकडचे आदिवासी पाडे उठले. नळाला पाणी नाही म्हणून भांडणाऱ्या मुलांना हे अवघड जातं. जाऊ द्यावं.

६. आणि मार्क. सामाजिक न्यायाच्या नावाखाली अपवर्तनाची गणितं गाळणारा शिक्षक मला मान्य नाही. पैसेवाल्यांच्या मुलांना क्लासवाले ती घोटून घेतात, मग आमच्या मुलांनी फक्त नाले का तपासावेत? अकरावीला विज्ञान शाखा मागायची तर दहावीला मार्क लागतात. सध्या भिंगांच्या चिन्हसंकेतात सगळ्यांचा घोळ चालला आहे, वस्तूचं अंतर ऋण का घ्यायचं यावर. तेव्हा नळांची तपासणी थोडे दिवस बंद, आणि पुढचे काही रविवार नुसती उदाहरणं.