डेटाबेसची सोय हवी, सक्ती नको

प्रश्न : संस्थेच्या सर्व्हरसाठी मी आरसिसलॉगचं पॅकेज स्वतः बनवतो. मायएसक्यूएलमध्ये नोंदी फक्त एकाच सर्व्हरवर जातात, बाकीच्यांना साध्या फाइली पुरतात. तरीही डेटाबेसची लायब्ररी सगळीकडे टाकावी लागेल का?

उत्तर : नाही, आणि टाकूही नये. लॉगिंग ही प्रत्येक सर्व्हरची मूलभूत सेवा आहे. तिच्यासोबत नको असलेली लायब्ररी आली, की तिचे सुरक्षा अपडेटही तुमच्या गळ्यात पडतात.

आरसिसलॉगची रचना यासाठी सोयीची आहे. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस यांसाठीचा कोड स्वतंत्र मॉड्यूलमध्ये असतो. कॉन्फिगर करताना तो पर्याय मागितला तरच ते मॉड्यूल बनतं, आणि सेटिंग फाइलमध्ये लिहिलं तरच लोड होतं.

बिल्ड मात्र एकदाच करा, दोन्ही डेटाबेसचे पर्याय चालू ठेवून. नंतर पॅकेजचे भाग पाडा : मूळ पॅकेजमध्ये मुख्य प्रोग्रॅम, आणि डेटाबेसचं मॉड्यूल वेगळ्या पॅकेजमध्ये. डेबियनमध्ये हीच पद्धत आहे.

पर्याय नेहमी स्पष्ट लिहा. ‘लायब्ररी सापडली तर जोडा’ अशी मोघम सूचना असेल, तर दोन मशिनवर दोन वेगळी पॅकेजं तयार होतात. मागितलेली लायब्ररी नसेल तर बिल्ड तिथेच थांबलं पाहिजे.

शेवटी मुख्य प्रोग्रॅमवर एलडीडी ही कमांड चालवा. ती दाखवते त्या लायब्ररींच्या यादीत मायएसक्यूएलचं नाव दिसलं, तर ते पॅकेज सर्व्हरवर पाठवू नका.