पुस्तकांच्या कपाटातील उजेड

दिवाळ्याच्या कोळीवाड्यात आमचे घर. आजोबांची नजर अधू झाली, कपाटातील पुस्तकांची नावे दिसेनात आणि पुस्तक मागण्यासही ते संकोचू लागले. म्हणून १२ व्होल्टची एलईडी पट्टी आणली. मीटरला ४.८ वॉट, तीन कप्प्यांस ३ मीटर, म्हणजे १४.४ वॉट. अडॅप्टर मात्र २४ वॉटचा घ्यावा, म्हणजे फारसा तापत नाही.

प्रथम पट्टी मागच्या कडेस लावली. शोभा आली, पण नावे काळोखातच! मग प्रत्येक कप्प्याच्या वरच्या फळीखाली, पुढच्या कडेस, पुस्तकांकडे तोंड करून बसविली. खाडीच्या दमट हवेत नुसता गोंद सुटतो. म्हणून ॲल्युमिनियमचे चॅनल स्क्रूने बसविले. उष्णताही त्यातून निघून जाते. प्रकाश पिवळसर, ३००० केल्व्हिनचा. त्यात कागदास बाधणारा निळा अंश कमी असतो.

परवा आजोबांनी स्वतः उठून पुस्तक काढले, आणि दिवसाढवळ्या दिवा कोणी लावला म्हणून मलाच रागावले.